दसऱ्याआधी रंगवलेलं दार

ऑइलपेंटचा वास आला की शुगर लँड ह्या अमेरिकन गावातलं ते आमचं पहिलं घर आठवतं. तेव्हा खनिज तेलाचे भाव कोसळले होते, ह्यांच्या कंपनीसारख्या तेलकंपन्यांत माणसं कमी होत होती आणि गल्लीत सारख्या कुणाच्या तरी लॉनवर 'फॉर सेल'च्या पाट्या उगवत होत्या. दसऱ्याआधी पुढचं दार रंगवू या, असं ह्यांनीच काढलं, तेव्हा मी हरखलेच. एरवी साधा बल्ब बदलायलाही मागे लागावं लागे. खर्च नको म्हणून गेल्या वर्षीच्या तोरणातल्या वाळक्या झेंडूचं बी मी पायरीलगतच्या वाफ्यांत पेरलं होतं, ते त्या दमट उकाड्यात भरभरून फुललं होतं. हे शिडीवरून चौकट रंगवत होते, तेवढ्यात ह्यांच्या बॉसची बायको फिरत फिरत आली. "म्हणजे तुम्हाला कळलंय तर," ती हळूच इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम सो सॉरी. पण घर छान दिसतंय, लवकर विकलं जाईल." मी हसले. "अहो, विकायचं कुठे? आमचा सण आहे." तिचा चेहरा उतरला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी वळून पाहिलंच नाही; रंगवून झालेल्या जागेवरूनच ब्रश पुन्हा पुन्हा फिरत राहिला. अजूनही हे घरासाठी आपणहून काही करायला निघाले, की मी आधी ह्यांचा चेहरा बघते.