पिवळ्या लंगोटाची बातमी

येरमाळ्याच्या गौरीशंकरची खव्याची भट्टी. गडी दिसायला पैलवान, उकळती कढई एकटा उतरवील, पण सव्वा महिन्याची लेक मांडीवर दिली की घामाघूम. पोरीची शी पांढरीफेक व्हायची आणि घरात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कौतुकच! खव्याच्या धंद्यात पांढरं ते अस्सल. पिवळं पडलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. गावची आशा सेविका दीपमाला बाळाचं वजन करायला आली, तेव्हा गौरीशंकरची आई गंगम्मा फुशारकीनं म्हणाली, "दुधातल्या घरचं लेकरू हाय. शी सुदीक खव्यावाणी!"

दीपमालानं लंगोट बघितला, पोरीचे डोळे बघितले आणि तिचा चेहराच उतरला.

"काकू, डोळं पिवळं हायत की. कवापासनं?"

"जल्मल्यापासनं. रोज कवळं ऊन दावतो."

"उनानं जायची कावीळ न्हाय ही. आजच दवाखाना गाठा."

तिथून थेट पुणं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळीच बंद. शीला रंग यायचा तो पित्तानं. पित्त तुंबून राहिलं तर यकृत नासतं. म्हणून ती नळी काढायची आणि आतडंच यकृताला जोडायचं. "पित्त वाहू लागलं तर शी पिवळी होईल," बाई म्हणाल्या. "नाही वाहिलं, तर यकृत बदलायची वेळ येईल."

ऑपरेशन पार पडलं. मग गौरीशंकरला एकच काम. लंगोट बदलला की खिडकीशी न्यायचा, उजेडात धरायचा, तोंड पाडून परत यायचं.

"भट्टीवर एवढं ध्यान दिलं असतं," बायको शिवरंजनी म्हणाली, "तर खवा कधी करपला नसता!" आणि हसता हसता तिनंच डोळे पुसले.

एका सकाळी लंगोट पिवळा निघाला. गौरीशंकरचा विश्वास बसेना.

"हळदीचा हात लागला का गं?"

"दवाखान्यात कुठली आलीय हळद?"

झालं! गडी लंगोट घेऊन जो सुटला, तो डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यातच थांबला. बाई दोन पावलं मागं सरल्या, मग वाकून बघून खुलल्या. "पित्त आलं! पण तपासण्या चुकवायच्या नाहीत हं. अजून लांबचा पल्ला आहे."

हा कुठला थांबतोय! व्हिडिओ कॉलवर आईला गाठलंच.

"अव्वा, हे बघ!"

"आरं मुडद्या, मी जेवाय बसलीय!"

"रंग बघ की आधी."

गंगम्मानं ताट बाजूला सारलं, चष्मा चढवला.

"जवळ धर. उजेडात धर... व्हय रं, पिवळीधमक!" आणि पदर डोळ्याला लागला.

"ठेवू का मग फोन? तू जेव."

"ठेवू नगंस," गंगम्मा म्हणाली. "आजून जरा बघू दे."