काट्यावरचं पाऊल

लखनौत आमच्या गोमती नगरच्या सोसायटीत माझी तरुण शेजारीण आपल्या गुडघ्याबद्दल सगळ्यांना सांगते, "सीढ़ी से फिसल गई थी।" ते खरं नाही. माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून ती तसं सांगते, आणि इतके दिवस मी गप्प राहिलो.

ती रोज सकाळी बागेत पळायची आणि मी बाकावर बसून घड्याळात तिची वेळ मोजायचो. त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून ती थांबली, तर मीच म्हणालो, "रुको मत बेटा, एक चक्कर और." तिने ती फेरी पुरी केली आणि गवतावर बसली, ती उठलीच नाही.

गुडघ्यातल्या कूर्चेचं ऑपरेशन होऊन आता तीन आठवडे झाले. कुबड्यांवरसुद्धा ती घाईत असते. माझं वाक्य संपायच्या आत "अच्छा, फिर?" म्हणते.

त्या पायावर सध्या दहा किलोच भार द्यायचा आहे. त्याचा अंदाज यावा म्हणून ती वजनकाट्यावर पाऊल टेकते. खाली बघितलं की तोल जातो, त्यामुळे काटा दुसऱ्या कुणी वाचावा लागतो. ते काम तिचा नवरा करायचा. परवा मी तिची माफी मागितली, तेव्हा तिने कुबडीने वजनकाटा माझ्या खुर्चीपुढे सरकवला.

"अंकल, अब से 'बस' आप बोलेंगे."

काटा आठवर आला की मी "बस" म्हणतो.

"इतनी जल्दी दस हो गया?" भिंतीकडे बघत ती हसते. पण पाऊल लगेच उचलते.