विहिरीची खोली

त्र्याहत्तर साली मी इंग्रजांच्या काळातल्या खेड्यावर कथा लिहायला घेतली आणि सक्करदरा चौकातल्या आमच्या पंक्चरवाल्या म्हाताऱ्याने माझा जीव नकोसा केला. जुना तपशील विचारावा, तर एकाची दहा उत्तरं. कंदिलाची काच कशाने पुसत एवढंच विचारलं, तर राख कोणत्या लाकडाची, इथपासून सुरुवात. मी घाई केली की हातातली ट्यूब खाली ठेवायचा. "मास्तर, लिहून राहिले ना? मंग बराबर लिवा."

एकदा विचारलं, तुमच्या गावची विहीर किती खोल होती?

"मालूम नाही."

मी वैतागलोच. "अहो, राखेचं लाकूड आठवतं आणि विहीर आठवत नाही?"

"आमाले तिथं चढू देत नव्हते. खाली उभं राहा लागे. कोनी वरून ओतलं तं पानी."

मग त्याने पंक्चर शोधायच्या घमेल्यातून डबाभर पाणी घेतलं, हात डोक्याच्याही वर नेला आणि खाली धरलेल्या दुसऱ्या हातावर ते सोडलं. निम्मं माझ्या वहीवर उडालं.

"खोली नाही सांगता येत," तो म्हणाला. "उंची एवढी होती. बराबर लिवा."