देवीच्या मुखवट्यावर नाव नव्हतं

आईचं माहेर गोव्यात. चळवळीत मामा पकडला गेला तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी घर धुऊन नेलं. भांडीकुंडी नेली, देवघरातला देवीचा चांदीचा मुखवटाही नेला. मामा तुरुंगातून परतलाच नाही. माहेरचं म्हणून उरली ती एकटी आई, सावंतवाडीला माझ्याजवळ, आणि तिचा एकच ध्यास: देवी घरी यायला हवी.

गोवा मुक्त झाला. जप्त मालातल्या जुन्या वस्तू तिथल्या एका संग्रहालयाने मांडल्या आणि मूळ मालकांनी ओळख पटवून आपलं न्यावं, असं वर्तमानपत्रात छापलं. शाळेतून रजा काढून मी आईला घेऊन गेले.

त्या मालात माहेरचा तांब्याचा हंडा सापडला. त्यावर आजोबांचं नाव कोरलेलं होतं, म्हणून संग्रहालयाच्या साहेबांनी तो लगेच दिला. मुखवट्याशी मात्र गाडं अडलं.

"यावर नाव कुठे आहे?"

आई भडकली. "देवीर माणसाचा नाव घालूचा? पाप लागतला!"

आमच्याकडे वाटीपासून पातेल्यापर्यंत सगळ्यावर नावं, पण देवाच्या वस्तूवर कुणी घालत नाही. एवढं त्या शिकल्यासवरल्या माणसाला पटवता पटवता माझा घसा सुकला. मग म्हणे फोटो दाखवा. देवघरात फोटो काढायला कोण येणार होतं? बरं, सोनाराची पावती? पणजोबांच्या सोनाराची! माझं डोकंच फिरलं.

आई म्हणाली, नथीचं भोक जरा खाली आहे, उजव्या गालाला पोचा आहे. लहानपणी तिच्याच हातून देवी पडली होती.

"ते काय, काचेतून कुणालाही दिसतं," साहेब म्हणाले.

सांगितलं नाही तर पुरावा नाही, आणि सांगितलं तर बघून सांगितलं!

"अहो, हंडा आणि देवी एकाच घरातून, एकाच धाडीत गेली!"

"हंड्याचं सिद्ध झालंय, बाई. याचा तपास चालू आहे." एवढं बोलून साहेब चहाला गेले. यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं परवडलं.

आई काचेसमोर अनवाणी उभी होती. खालच्या पाटीकडे बोट करून तिने विचारलं, "थंय काय लिवलेला आसा?"

काहीतरी खोटं सांगावंसं वाटलं, पण संतापाच्या भरात खरंच तोंडातून गेलं. "मालक कोण ता म्हायत नाय, असा लिवलेला आसा."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"मगे मी कोण गो?"