मेली नाही, दमलीय

बंद पडलेली कुठलीही मोटर समोर आली की ताई आधी दोन बोटांनी तिचा दांडा फिरवायच्या, कान जवळ न्यायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. आपण घाईत असलो तर तेवढ्यात आपलंच डोकं फिरायचं. मग डोळे उघडून म्हणायच्या, "मेली नाही हो, दमलीय."

इंदिरानगरला आमच्या गल्लीत त्यांचा गाळा होता. तुमच्याकडेही असेल असं एखादं दुकान, मिक्सर आणि पंखे पोट उघडं टाकून पडलेले. ताई मूळच्या नामपूरच्या. अठरा वर्षं कारखान्यात मोटरींना तांब्याची तार गुंडाळली, कारखाना बंद पडल्यावर तेच काम गाळ्यात सुरू केलं. अर्ध्या गाळ्यात त्या, अर्ध्यात त्यांचे मिस्टर. ते लाकडात अक्षरं कोरायचे. दारावरच्या पाट्या, देवघरांच्या चौकटी. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. "तुमचा भुसा माझ्या तारेत येतो!" "तुझी तार माझ्या पायात येते!" हे भांडण मी शाळेच्या ऑफिसात जाताना ऐकायची आणि परत येतानाही तेच चालू असायचं.

मग मिस्त्रींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही परत आलं, उजवा हात मात्र गेला. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर स्वतः कोरलेला गाळ्यावरचा बोर्ड उतरवायला लावला. "कोरणाराच राहिला नाही, तर बोर्ड कशाला?" गाळ्यामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताट अर्धं तसंच परत यायचं. ताई एरवी केवढ्या बडबड्या, त्याही गप्प झाल्या. मला ते बघवायचं नाही.

एके दिवशी सकाळीच त्या माझ्या दारात. "मॅडम, तुमचं कपडे धुवायचं मशीन भंगारात देणार होतात ना? त्याची मोटर मला द्या."

"काय करणार तिचं?"

"मिस्त्रींना हात करते."

मी मनात म्हटलं, झालं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण कारखान्यात त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं पाहिली होती. तसलंच एक, लाकूड कोरणारं, घरी करायचं त्यांनी मनात घेतलं. कोरणारं पातं गरगर फिरवायला माझी मोटर, आणि ते पातं इकडेतिकडे सरकवायला जुन्या प्रिंटरांतल्या छोट्या मोटरी. बाकीचं मोबाईलवर व्हिडिओ बघून. प्रत्येक मोटरीवर ती कुणाच्या घरची ते मार्करनं लिहायच्या. मी हसले तर म्हणाल्या, "सासरी आली म्हणून माहेरचं नाव पुसायचं का?"

माझी मोटर पहिल्यांदा चालू केली तेव्हा तिनं असा थयथयाट केला की टेबल हातभर सरकलं. ताईंनी पिन उपटली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शेवटी माहेर कुठलं!" मी चिडकी आहे हे गल्लीला माहीत आहे, पण तोंडावर कुणी सांगावं? दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी माझा जुना लॅपटॉप घेऊन गेले.

आठ महिने लागले. अखेर गाळ्याचा नवा बोर्ड कोरायची वेळ आली. ऑफिसात उभा जन्म टायपिंग करण्यात गेलेला, त्यामुळे अक्षरं मी निवडली. गोल, टपोरी, एका रेषेत. मशीननं ती अशी सफाईनं कोरली की आम्ही दोघी पेढे घेऊनच मिस्त्रींपुढे उभ्या राहिलो.

त्यांनी डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरवलं. "चांगलंय. छापल्यासारखं." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

माझा पारा चढला. "अहो, आठ महिने राबलीय ती तुमच्यासाठी!"

ताईंनी कपाळावर हात मारला. "मॅडम, चूक आपलीच. हात त्यांचा करायला निघालो आणि अक्षर कॉम्प्युटरचं घातलं!"

मला इतकी लाज वाटली की हातातला पेढा कुठे ठेवावा ते कळेना.

ताईंनी मिस्त्रींच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी ती टाकून दिली. "शेंबड्या पोराचं अक्षर येईल. लोक हसतील." ताई खाली बसल्या, त्यांचा लुळा उजवा हात मांडीवर घेतला, मनगट दोन बोटांनी हळूच फिरवलं, कान जवळ नेला आणि डोळे मिटले. मग त्यांच्या नामपूरच्या बोलीत म्हणाल्या, "मरेल नही शे. थकेल शे."

त्या हाताबद्दल बोलत नव्हत्या, हे मलाही कळलं. मी सरळ बाहेर येऊन रडले.

चार दिवस मिस्त्री डाव्या हातानं लिहीत होते. अक्षरं थरथरलेली, ओळ उजवीकडे घसरलेली. त्याचा फोटो लॅपटॉपवर घेतल्यावर मी सवयीनं ओळ सरळ करायला गेले. "मॅडम, हात लावायचा नाही!" मिस्त्री ओरडले. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी ओरडलं होतं. मशीननं ती ओळ घसरलेलीच कोरली. कडा मिस्त्रींनी डाव्या हातानं पॉलिश पेपरनं घासल्या, आणि तो बोर्ड गाळ्यावर चढला.

गेल्या वर्षी दोघं नामपूरला गेली, मशीनसकट. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. माझ्या दारावर मिस्त्रींनी केलेली पाटी आहे, माझं नाव उजवीकडे घसरलेलं. येणारे-जाणारे म्हणतात, सरळ करून घ्या. त्यांना काय सांगणार!

परवा ताईंचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मोटरीवरचं नाव पुसट झालं होतं, आज परत लिहिलं. धुणं सुटलं तिचं. आता देवळाचं दार कोरतेय."

"आणि मिस्त्री कसे आहेत?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायच्या आधीच मागून आवाज आला, "तुझी तार माझ्या पायात येतेय!"