घोडी सरकवली ती मी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, लेकींपुढे नाही. लेण्याद्रीच्या गणपतीपुढेसुद्धा नाही — तिथं मी दरवेळी दुसरंच काहीतरी मागून वेळ मारून नेली.

आमचे आबा ऑर्केस्ट्रा पार्टीत मँडोलिन वाजवायचे. पावसाळ्यात पार्टी बंद, की वाद्य आमच्या गावी, मढला, घरी यायचं आणि त्याची देखभाल माझ्याकडे. दांडीवरचे पडदे — म्हणजे बोटांखालच्या त्या पितळी पट्ट्या — चिंधीनं पुसायचे, एक डोळा मिटून दांडी वाकली का बघायचं, हवा ओली झाली की तारा सैल करायच्या. "ताईच्या हाताला वाद्य कळतं," आबा कौतुकानं म्हणायचे. पण वाजवायला शिकवलं कुणाला? बाळूला. माझ्या धाकट्या भावाला.

आणि मी कोण? दोन वेण्यांची, स्वतःला लई शहाणी समजणारी ठमी. रागानं फुगले की बेडकी बरी दिसायची.

आबा गेले. पार्टीचे मास्तर बाळूचं वाजवणं ऐकायला घरी येणार होते — जमलं तर आबांची जागा त्याची. त्या सकाळी बाळूनं वाद्य माझ्यापुढं ठेवलं. "ताई, नीट करून दे गं. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाय मला."

मी पडदे पुसले. दांडी बघितली. मग — थांबा, सांगते. तारांखाली एक लाकडी घोडी असते. चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी. ती मी तांदळाच्या दाण्याएवढी सरकवली. मोकळ्या तारा पुन्हा सुरात लावल्या, की कुणाला शंका येत नाही. पण बोट एकेका पडद्यानं वर जाऊ लागलं की सूर सुटत जातो. हे मला आबांनीच शिकवलेलं — घोडी चुकून हलली तर जागेवर आणता यावी म्हणून.

मास्तरांनी पेटीवर सूर धरला. बाळू पडद्यांवरून वर गेला, बावरला, खाली आला, पुन्हा गेला. मान वाकडी करून चूक शोधत राहिला — स्वतःत. वाद्यावर त्याला संशय कसा यावा? ते मी नीट केलेलं होतं ना!

"हात गोड हाय पोरा," मास्तर म्हणाले, "पर कान कच्चा. तू आपली मेंढरं राख."

मला वाटलं होतं, हसू येईल. नाही आलं. मास्तर बराच वेळ रस्त्यावर मोटारीची वाट बघत उभे होते. एरवी मी शेळीमागं अख्खा डोंगर पालथा घालणारी — त्यांना खरं सांगायला तेवढं अंतर मी गेले का? नाही. घरात बसून गुपचूप घोडी जागेवर आणली.

माझ्या लग्नात बाळूनं वाद्य मलाच दिलं. "माझ्या काय कामाचं?" आणि मी ते घेतलं! आता नवरा गेला, लेकी नांदायला गेल्या; डिंगोऱ्याच्या या सासरच्या घरात आम्ही दोघंच — ते वाद्य आणि मी. पडदे अजून पुसते. दांडी सरळ आहे. वाजवत नाही. ऐकणार कोण?

यंदा भाऊबीजेला बाळू नातीला घेऊन आला. पोरीनं तार छेडली, कान लावला, पुन्हा छेडली. "आजोबा, मला हे शिकायचंय."

तो हसला. "नको गं बाय. आपल्या रक्तातच कान न्हाय. इचार आजीला."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं.

"खरंय," मी म्हणाले, आणि तिच्या ताटात करंजी वाढली.