दुसरी सीडी लावेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाचं ठाम मत होतं, की आपल्याकडच्या जुन्या भुताच्या पिक्चरमध्ये भूत यायला इतका वेळ लागतो, की तेवढ्यात भात शिजून, खाऊन, भांडीही घासून होतात. "हवेली झाली, धूर झाला, दार करकरून राहिलं, कुत्रा रडून राहिला. अरे ये ना बाप्पा एकदाचा!" असं तो टीव्हीलाच दरडावायचा. भूत आलं की त्याच्या तोंडाला फासलेला चिखल पाहून आणखीच चिडायचा. मला मात्र तेच पिक्चर आवडायचे. त्यात कुणावर तरी अन्याय झालेला असतो, म्हणून भूत होतं, आणि शेवटी त्याचा काहीतरी बंदोबस्त होतो. आमच्या घरात देव नाही की भूत नाही, कोणी काही मानत नाही, तरी मला ते बरं वाटायचं.

त्याला आवडायचे ते बाहेरदेशचे, हिंदीत डब केलेले. जंगलात पाचसहा पोट्टेपोट्टी जातात, नाहीतर एखादी पोट्टी घरी एकटी असते, आणि तोंडावर मुखवटा घातलेला माणूस एकेकाला कापत सुटतो. "यायले डोकं आहे का?" मी म्हणायची. "नागझिऱ्यात गाइडशिवाय गाडी आत सोडत नाहीत, अन् हे बिनधास्त जंगलात झोपून राहिले!" वरून तो मुखवटेवाला काऊन मारतो तेही कोणी सांगत नाही.

"सांगत नाही म्हून तर खरं वाटते," भाऊ म्हणायचा. "त्या पोट्टीनं का केलं होतं त्याचं? काहीच नाही. तिच्या घरी आला, बस."

यावर मी वाद घालत नव्हती. तो कशाबद्दल बोलतोय ते मला कळायचं. त्याला सिकलसेल होतं. रक्ताचा आजार. दुखायला लागलं की हाडाच्या आतून दुखायचं, मांड्या, पाठ, कधी छाती. आमच्या भागात घराघरात कोणाला ना कोणाला आहे, पण त्यानं काय दुखणं कमी होते?

डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितलं, की हे आई आणि बाप दोघांकडून येतं. दोघांनाही स्वतःला काही होत नाही आणि लेकराला होतं. साधं सांगितलं त्यांनी, पण मायनं ऐकलं ते वेगळंच. त्यानंतर भाऊ पहिल्यांदा कण्हला तेव्हा तिनं भिंतीवर डोकं आपटलं. "माह्याच रक्तानं मारला माह्या पोराले," म्हणत आपटतच राहिली. कपाळ फुटलं. आम्ही दोघांनी तिला धरून ठेवलं, त्यात तो स्वतः दुखण्यानं वाकलेला. त्या दिवशी त्यानं ठरवून टाकलं, की मायच्या कानावर आपली किंकाळी पडू द्यायची नाही.

आता कुडव्यातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, मधल्या दाराला नुसता पडदा. बाबा राइस मिलमध्ये, ते अंधार पडल्यावर येत. माय दिवसभर पडद्यापलीकडे चुलीशी. लपवणार कुठं? म्हणून पिक्चर. दुखायला लागलं की तो म्हणायचा, "ताई, लाव वं." मी सीडी लावायची, आवाज वाढवायची आणि तो वाट पाहायचा. टीव्हीतली बाई ओरडली की हा तिच्या आवाजाखाली आपला आवाज घालायचा. तेवढंच सुटायचं त्याला. जुन्या पिक्चरवर त्याचा राग होता तो यासाठीच. त्यात ओरडणं कमी आणि धूर जास्त. पुढंपुढं जे नवे आले, ज्यात तासभर सगळे कुजबुजतात आणि एकदम धाडकन् वाजतं, त्यांना तर तो शिव्याच द्यायचा. "एकदम बकवास. यांच्यात मी का करू? कुजबुजू?"

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पिक्चर मधात संपायचा ती. एका पिक्चरच्या दोन सीड्या असायच्या. पहिली काढून दुसरी लावेपर्यंत घर चिडीचूप. तेवढा वेळ तो टॉवेल तोंडात कोंबायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. सीडी बदलण्यात मी पटाईत झाली होती.

लोडशेडिंगच्या वेळा आम्हाला पाठ होत्या. त्या दुपारी मात्र लाइट वेळ नसताना गेली. दुसरी सीडी चालू होती, मुखवटेवाला दारात उभा, बाई ओरडतेय, भाऊ ओरडतोय, आणि टीव्ही बंद. बाई गप्प झाली. भाऊ झाला नाही. त्याला थांबताच येईना. चिडीचूप घरात त्याचा एकट्याचा आवाज. मला काय सुचलं कोणास ठाऊक, मीच त्या पिक्चरमधल्या बाईसारखी किंचाळायला लागली. "नहीं! नहीं! छोड दो मुझे!"

पडदा बाजूला झाला. माय हातात सूप घेऊन उभी. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं.

"तू चूप बस," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवलं, खाटेवर बसली आणि त्याचे पाय मांडीवर घेतले. "ओरड बापू. जोरानं ओरड."

"माय, पिक्चर होता तो..."

"चुलीत गेला तुहा पिक्चर. तुहं ओरडणं अन् त्या बायांचं ओरडणं मले का वेगळं समजत नाही? तुमी लपवून राहिले, म्हून मी भात हलवत राहिली. आणखी का करू?"

तिनं डोकं आपटलं नाही. तो ओरडला. इतक्या दिवसांचं सगळं ओरडला, आणि ती त्याच्या मांड्या चोळत राहिली. मला म्हणाली, "जा, भात पाह्य."

मी पडद्यापलीकडे गेली. तिच्या जागेवर, चुलीपुढं उभी राहिली. बाप रे. तिथं काहीच झाकलं जात नव्हतं. श्वास ओढलेलासुद्धा ऐकू येत होता. ती एवढे दिवस इथं उभी राहून स्वयंपाक करत होती, आणि माझ्यानं चमचा धरवेना. भात करपला.

पुढं तो दोन पावसाळे जगला. त्या दोन वर्षांत दुखायला लागलं की माय त्याच्याजवळ बसायची आणि चुलीशी मी. लाइट असायची, सीड्या कपाटावर पडलेल्या असायच्या. मी दर वेळी आतून विचारायची, "टीव्ही लावू का?"

"नको," ते दोघं एकदम म्हणायचे.

मला पाहिजे होता. कोणीतरी माझ्यासाठी लावायला पाहिजे होता.